उंची आणि पत : तल्साच्या मनोऱ्यांची गोष्ट

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या तल्सा शहरात 60 मजल्यांची एक इमारत 52 मजल्यांच्या इमारतीपेक्षा बुटकी आहे. 52 मजल्यांचा बीओके टॉवर 667 फूट उंच, तर 60 मजल्यांचा सिटीप्लेक्स टॉवर 648 फूट. पहिली इमारत एका पाइपलाइन कंपनीने बांधली आणि तिला बँकेचे नाव मिळाले. दुसरी एका दूरचित्रवाणीवरच्या धर्मोपदेशकाने बांधली. फूट मोजले तर पहिली जिंकते, मजले मोजले तर दुसरी. या 19 फुटांच्या चढाओढीतच तल्साचा स्वभाव कळतो. राहायला जागा हवी म्हणून हे शहर वर गेले नाही. लोकांनी आपल्याकडे पाहावे, म्हणून ते वर गेले.

मॅनहॅटन हे बेट, तिथे जागा संपली म्हणून माणसे वर सरकली, हे आपण नेहमी ऐकतो. तल्साला ते कारण लागू पडत नाही. आर्कान्सा नदीच्या काठच्या या शहराभोवती गवताळ माळ लांबवर पसरला आहे. आजही शहराची लोकसंख्या चार लाखांच्या थोडी वर आहे. आडवे बांधत गेले असते तर कुणी अडवले नसते. तरीही 1918 ते 1984 या काळात इथे एकाहून एक उंच इमारती उठल्या. त्याचे कारण जमिनीखाली होते.

तेल डोळ्यांना दिसत नाही. विहिरीला माल लागेल की ती कोरडी जाईल, हे खणल्याशिवाय कळत नाही. अशा अदृश्य मालाच्या भरवशावर दूरच्या सावकाराकडून कर्ज उचलायचे, तर दिसणारे काहीतरी समोर ठेवावे लागते. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : पत. तल्साचे मनोरे म्हणजे विटा, पोलाद आणि काच यांत बांधलेली पत. ती कुणी कमावली, कुणी उसनी आणली, कुणी गमावली आणि कुणाला ती मिळूच दिली नाही, हे पाहिले की या शहराचा इतिहास उलगडतो.

राखेपासून तेलापर्यंत

अलाबामातून हुसकावून लावलेल्या मस्कोगी, म्हणजे क्रीक लोकांची लोचापोका ही शाखा 1836 साली या नदीकाठी पोचली. येताना त्यांनी आपल्या मूळ गावच्या अग्नीची राख जपून आणली होती. एका ओक वृक्षाखाली ती राख ठेवून त्यांनी नवा अग्नी चेतवला आणि वस्ती केली. 'तल्सा' हे नाव त्यांच्याच भाषेतल्या 'जुने गाव' अशा अर्थाच्या शब्दापासून आले. 1882 मध्ये रेल्वे आली, 1898 मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळाला. 1900 च्या जनगणनेत माणसे भरली 1,390.

1901 मध्ये नदीच्या पलीकडे रेड फोर्क इथे तेल लागले. मध्ये नदी होती आणि गाडीरस्त्याचा पूल नव्हता. 1904 मध्ये तल्साच्या तिघा नागरिकांनी स्वतःचे पैसे घालून टोलचा पूल बांधला. विहीर पलीकडे आणि बिऱ्हाड अलीकडे अशी सोय झाली. पुढच्याच वर्षी, 22 नोव्हेंबर 1905 रोजी, रॉबर्ट गॅलब्रेथ आणि फ्रँक चेस्ली यांनी तल्साच्या दक्षिणेला आयडा ग्लेन यांच्या शेतात खणलेली विहीर उसळली. ग्लेन पूल नावाने ओळखले जाणारे हे तेलक्षेत्र त्या काळातल्या सर्वांत श्रीमंत क्षेत्रांपैकी ठरले.

आयडा ग्लेन या क्रीक होत्या. टोळीची सामाईक जमीन फोडून प्रत्येकाच्या नावे तुकडा करण्याचे धोरण केंद्र सरकारने थोड्याच वर्षांपूर्वी राबवले होते, आणि त्यात हे शेत त्यांच्या वाट्याला आले होते. सामाईक जमीन विकत घेणे अवघड होते, एकेकट्या माणसाचा तुकडा भाड्याने घेणे किंवा गिळणे सोपे. पुढे जे मनोरे उभे राहिले, त्यांच्या पायात ही फोडलेली जमीन आहे.

तेल निघाले ग्लेन पूलमध्ये, पण पैसा मोजला गेला तल्सात. गावाने हुशारीने स्वतःकडे गल्ला ठेवला. 1912 मध्ये हॉटेल तल्सा उघडले. हॅरी सिंक्लेअर, तरुण जे. पॉल गेटी अशी मंडळी त्याच्या दिवाणखान्यात उठबस करत आणि जमिनीचे पट्टे तिथेच हातोहात फिरत. तिथून हाकेच्या अंतरावर बँक, वकील आणि भूगर्भतज्ज्ञ. तेलाच्या धंद्यात बातमी तासाभरात शिळी होते, त्यामुळे सगळ्यांना एकमेकांच्या शेजारीच कचेरी हवी होती. चार-सहा ब्लॉकच्या गावठाणात इतक्यांना बसवायचे, तर मजल्यावर मजला चढणारच. व्यवहाराची निकड ती एवढीच, बाकीची हौस.

1910 मध्ये सिंक्लेअर बंधू आणि त्यांच्या सोबत्यांनी एक्स्चेंज नॅशनल बँक काढली. तेलवाल्यांनी तेलवाल्यांसाठी काढलेली ही बँक. तिचे नाव लक्षात ठेवावे, कारण या गोष्टीत ती तीन नावांनी येते. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 18,182 झाली होती. 1920 मध्ये ती 72,075 झाली आणि 1930 मध्ये 1,41,258.

शहराची पहिली गगनचुंबी इमारत म्हणून 1918 च्या कॉस्डन बिल्डिंगचे नाव घेतात. जोशुआ कॉस्डन हा तेलशुद्धीकरणातून वर आलेला गडी. फोर्थ स्ट्रीट आणि बॉस्टन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, जिथे प्रेस्बिटेरियन मिशनची गावातली पहिली शाळा होती, त्याच जागी त्याने 16 मजले चढवले. इतक्या उंचीवरून खाली पाहायला माळावर दुसरे काही नव्हते. पुढे काही वर्षांत कॉस्डनचे साम्राज्य हातचे गेले, इमारत मात्र राहिली. तल्सात हा क्रम पुन्हा पुन्हा दिसेल : माणूस बुडतो, मनोरा उरतो.

चार मजल्यांची लिफ्ट

तल्साच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना मात्र जेमतेम चार मजल्यांच्या इमारतीत घडली. मेन स्ट्रीटवरच्या ड्रेक्सेल बिल्डिंगमध्ये.

30 मे 1921. मेमोरियल डेची सुटी. डिक रोलंड हा बूटपॉलिश करणारा एकोणीस वर्षांचा काळा तरुण ड्रेक्सेल बिल्डिंगमध्ये शिरला. कारण साधे होते. त्या परिसरात काळ्या माणसाला वापरता येईल असे शौचालय या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होते. लिफ्ट चालवायला सारा पेज ही गोरी मुलगी होती, वय सतरा सांगितले गेले. तेव्हाच्या लिफ्टला आजच्यासारखी बटणे नसत. चालक दांडा फिरवून ती थांबवी, आणि ती मजल्याच्या पातळीला नेमकी थांबेलच असे नसे. उंबऱ्यासारखी एक पायरी राहून जाई. त्या पायरीला रोलंड अडखळला आणि तोल सावरताना त्याने सारा पेजचा हात पकडला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. ती किंचाळली, तो पळाला.

दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली. संध्याकाळच्या वृत्तपत्राने बातमी अशी रंगवली की न्यायालयाबाहेर गोऱ्यांचा जमाव जमला. रोलंडला झाडाला टांगतील या भीतीने ग्रीनवुड वस्तीतून काळ्या नागरिकांच्या तुकड्या बंदुका घेऊन न्यायालयाशी आल्या. त्यांतले कित्येक पहिल्या महायुद्धात लढून आलेले. झटापटीत गोळी सुटली. रात्रभर चकमकी झाल्या आणि 1 जूनच्या पहाटे हजारो सशस्त्र गोऱ्यांनी रेल्वेचे रूळ ओलांडून ग्रीनवुडवर चाल केली.

ग्रीनवुड म्हणजे काय होते हे समजून घ्यायला हवे. वंशभेदाच्या कायद्यांमुळे काळ्या लोकांना रुळांच्या दक्षिणेकडच्या बाजारात मोकळेपणी खर्च करता येत नसे. म्हणून त्यांनी रुळांच्या उत्तरेला आपला बाजार उभा केला. हॉटेले, चित्रपटगृह, वृत्तपत्रे, डॉक्टर, वकील आणि किराणा, सगळे आपले. जे. बी. स्ट्रॅडफर्ड यांचे हॉटेल त्यांच्या वस्तीचा मानबिंदू होता. एप्रिलमध्येच माउंट झायन बाप्टिस्ट चर्चची नवी विटांची वास्तू उघडली होती. त्यासाठी मंडळींनी 50,000 डॉलरचे कर्ज काढले होते.

दुपारपर्यंत 35 ब्लॉक जळून गेले. रेड क्रॉसने जळालेली घरे मोजली, ती 1,256 भरली. सुमारे दहा हजार माणसे बेघर झाली आणि हजारोंना सभागृहात, जत्रेच्या मैदानावर कोंडून ठेवण्यात आले. मृतांचा सरकारी आकडा 36, पण संशोधकांचे अंदाज 100 ते 300 च्या दरम्यान जातात. माउंट झायन चर्चही जळाले. इकडे डिक रोलंडवरचा खटला पुढे काढून टाकण्यात आला.

घरे जाळून झाल्यावर कागद पुढे आले. विमा कंपन्यांनी पॉलिसीतल्या दंगलीच्या कलमावर बोट ठेवले आणि दावे फेटाळले. नगर प्रशासनाने काही दिवसांतच बांधकामाचा नवा नियम केला : जळालेल्या भागात यापुढे इमारत बांधायची ती आगीला न जुमानणाऱ्या मालाचीच, आणि किमान दोन मजल्यांची. वाचताना हा नियम किती काळजीवाहू वाटतो. पण तंबूत झोपणाऱ्या धोबिणीने दोन मजली विटांचे घर कशाच्या जोरावर बांधावे? उंचीची अट घालून जमीन रिकामी करून घ्यायची, असा तो डाव होता. बी. सी. फ्रँकलिन या वकिलाने एका तंबूत कचेरी थाटून या नियमाविरुद्ध खटला लढवला आणि तो नियम रद्द करून घेतला. लोकांनी मिळेल त्या लाकडाविटांनी ग्रीनवुड पुन्हा बांधले. बँकांचे पैसे फारसे नव्हतेच.

बॉस्टन ॲव्हेन्यूची दिवाळी

रुळांच्या दक्षिणेला जणू काही घडलेच नव्हते. 1920 चे दशक बॉस्टन ॲव्हेन्यूसाठी दिवाळीचे होते.

या दशकाचा नायक वेट फिलिप्स. फिलिप्स 66 या पेट्रोलपंपांमागचा फ्रँक फिलिप्स हा त्याचा थोरला भाऊ. वेटने आपली कंपनी विकून टाकली आणि पैसा इमारतींत गुंतवला. 1928 मध्ये 24 मजल्यांचा, 343 फुटी फिलटॉवर पूर्ण झाला. गॉथिक घाट आणि माथ्यावर रंगीत कौलांचे उतरते छप्पर, त्यामुळे तो आजही गर्दीत उठून दिसतो. समोरच्या बाजूला त्याने फिलकेड ही दुसरी इमारत उभारली आणि दोन्हींना जोडणारा बोगदा रस्त्याखालून खणला. त्या वर्षांत श्रीमंतांना पळवून खंडणी मागण्याचे प्रकार सुरू होते. भर रस्त्यात दिसण्यापेक्षा जमिनीखालून गेलेले बरे, असा त्यामागे हिशेब होता, असे सांगतात. चारही दिशांनी दिसावे म्हणून 24 मजले चढवणारा माणूस स्वतः मात्र कुणाला दिसू नये म्हणून भुयारातून ये-जा करतो, ही श्रीमंतीची गंमतच म्हणायची.

फिलिप्सबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती या शहरात विरळा आहे. 1938 मध्ये त्याने आपला 72 खोल्यांचा वाडा कलासंग्रहालयासाठी शहराला देऊन टाकला. न्यू मेक्सिकोमधली आपली हजारो एकर जमीन त्याने बॉय स्काउट्सना दिली. एवढी जमीन सांभाळायला पैसा लागणार, म्हणून 1941 मध्ये फिलटॉवरही त्यांच्याच नावे केला. मुले डोंगरात तंबू ठोकत आणि त्याचा खर्च तल्सातल्या कचेऱ्यांच्या भाड्यातून निघे.

एक्स्चेंज नॅशनल बँक मागे कशी राहील? तिची 1917 मधली दहा मजली इमारत होती. दशक संपता संपता ती 22 मजल्यांवर, 400 फुटांवर गेली. माथ्यावरच्या मनोऱ्यात दिवा होता आणि तो शहराला हवामान सांगे : हिरवा असला तर उद्या हवा चांगली, लाल असला तर वादळपाऊस. चक्रीवादळांच्या मुलखात संध्याकाळी बाहेर येऊन बँकेच्या माथ्याकडे बघण्याची सवय लोकांना लागली. बँकेने आपल्या उंचीचा लोकांना फुकट उपयोग करून दिला, आणि रोज एकदा सगळ्या गावाला मान वर करून आपल्याकडे पाहायलाही लावले.

त्याच रस्त्याच्या दक्षिण टोकाला 1929 मध्ये बॉस्टन ॲव्हेन्यू मेथडिस्ट चर्च उघडले. आर्ट डेको शैलीतला त्याचा मनोरा निमुळता होत आकाशात जातो. त्याच्या रचनेचे श्रेय कलाशिक्षिका ॲडा रॉबिन्सनचे की तिचा विद्यार्थी ब्रूस गॉफचे, हा वाद आजही मिटलेला नाही.

मग मंदी आली. दिवा आकाशातले वादळ सांगत होता, बाजारातले नव्हे. एक्स्चेंज बँक अडचणीत आली. 1933 मध्ये तेलवाल्यांनी पुढे होऊन तिची पुनर्बांधणी केली आणि तिला नवे नाव दिले, नॅशनल बँक ऑफ तल्सा. बँकेचे हे दुसरे नाव. तिची ती 400 फुटी इमारत बांधून झाल्यापासून सुमारे चार दशके शहरात सर्वांत उंच राहिली.

न्यूयॉर्कची अर्धी प्रत

1967 मध्ये फोर्थ नॅशनल बँकेने 412 फुटांची इमारत बांधून तो विक्रम मोडला, तोही जेमतेम बारा फुटांनी. 1973 च्या सुमारास फर्स्ट नॅशनलची 516 फुटांची इमारत आली. त्याच वर्षी अरब देशांनी तेल अडवले आणि भाव काही महिन्यांत चौपट झाला. डेट्रॉइटमध्ये कारखाने थंडावत होते, तेव्हा तल्सात क्रेन चढत होत्या. देशाचे दुखणे हे या शहराचे औषध.

या वेळचा नायक जॉन विल्यम्स. त्याच्या घरच्या विल्यम्स ब्रदर्स कंपनीची सुरुवात 1908 मध्ये बांधकामाच्या ठेक्यांपासून झाली होती, पुढे ती पाइपलाइनमध्ये शिरली. 1966 मध्ये तिने आपल्यापेक्षा कितीतरी मोठी ग्रेट लेक्स पाइपलाइन कंपनी सुमारे 28 कोटी 70 लाख डॉलरला, मुख्यतः कर्जावर, विकत घेतली. मुंगीने हत्ती गिळावा तशी. तेव्हापासून विल्यम्सला मोठे दिसणे भाग होते.

न्यूयॉर्कचे वर्ल्ड ट्रेड सेंटर बांधून होत होते. त्याचा वास्तुरचनाकार मिनोरू यामासाकी यालाच विल्यम्सने तल्साला बोलावले. आधी लहान लहान अनेक मनोऱ्यांचा विचार होता, शेवटी एकच 52 मजली मनोरा ठरला. तशाच अरुंद उभ्या खिडक्या, तसाच सरळसोट उभा ठोकळा, उंची मात्र जवळजवळ निम्मी. जुन्या गावठाणातले नऊ ब्लॉक त्यासाठी मोकळे करण्यात आले. हॉटेल तल्साही गेले, जिथे पट्टे हातोहात फिरत. त्या जागी आज शहराचे नाट्यगृह आहे. नवा मनोरा बॉस्टन ॲव्हेन्यूच्या कडेला न बांधता थेट रस्त्यातच बांधला, त्यामुळे तो रस्ता तिथे संपतो. दक्षिणेला चर्च आणि उत्तरेला बँक, मधल्या रस्त्यावर कॉस्डन, फिलिप्स आणि एक्स्चेंज. तल्साचा सगळा इतिहास असा एका ओळीत उभा आहे.

1976 मध्ये हा मनोरा पूर्ण झाला. त्याच्या आगेमागे नॅशनल बँक ऑफ तल्साने आपले तिसरे नाव घेतले, बँक ऑफ ओक्लाहोमा, म्हणजेच बीओके, आणि ती या मनोऱ्यात राहायला आली. हवामान सांगणारा जुना मनोरा मागे राहिला. 11 सप्टेंबर 2001 नंतर तल्साच्या या इमारतीकडे बघण्याची नजरच बदलली. मूळ जुळे मनोरे गेले, त्यांची ही निम्मी प्रत राहिली.

देवाचा हिशेब

आता त्या 60 मजल्यांकडे येऊ. ओरल रॉबर्ट्स हे दूरचित्रवाणीवरून रोग बरे करण्याची प्रार्थना करणारे उपदेशक. तल्साच्या दक्षिणेला त्यांचे विद्यापीठ आधीच होते. प्रार्थना आणि औषध एकत्र आणणारे रुग्णालय त्यांना बांधायचे होते, नाव ठेवले 'सिटी ऑफ फेथ'. 60, 30 आणि 20 मजल्यांच्या तीन इमारती आणि 777 खाटा. शहरातल्या रुग्णालयांनी विरोध केला, कारण तल्सात आहेत त्याच खाटा भरत नव्हत्या. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि परवानगी मिळाली. पैसा कमी पडू लागला तेव्हा, 1980 मध्ये, 900 फूट उंचीच्या येशूने आपल्याला दर्शन देऊन धीर दिला, असे रॉबर्ट्स यांनी देणगीदारांना कळवले. ज्या शहरात सर्वांत उंच मनोरा 667 फुटांचा, तिथे देवालाही त्याहून उंच व्हावे लागले.

1981 मध्ये रुग्णालय उघडले. खाटा भरल्या नाहीत. जानेवारी 1987 मध्ये रॉबर्ट्स यांनी सांगितले की मार्चअखेर 80 लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला बोलावून घेईल. पैसे जमले, पण रुग्ण जमले नाहीत. 1989 मध्ये सिटी ऑफ फेथ बंद पडले. आज सिटीप्लेक्स नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या इमारतीत कचेऱ्या आहेत. 'बडा घर पोकळ वासा' ही आपली म्हण इतकी शब्दशः खरी झालेली क्वचितच सापडेल.

गावात एक शेवटचा खेळ बाकी होता. रीडिंग अँड बेट्स या तेलउत्खनन कंपनीने 1918 ची कॉस्डन बिल्डिंग घेतली आणि ती न पाडता वर चढायचे ठरवले. जुन्या 16 मजल्यांवर आणखी 20 मजल्यांचा भार टाकणे शक्य नव्हते. म्हणून शेजारी नवा मनोरा उठवला आणि त्याचे वरचे मजले जुन्या इमारतीच्या माथ्यावर अधांतरी पुढे काढले. मातीच्या जुन्या फरश्यांशी जुळतील अशा नव्या फरश्या घडवून दर्शनी भाग एकजीव केला. रस्त्यावरून बघणाऱ्याला एकच 36 मजली इमारत दिसते. नव्याचे ओझे जुन्यावर नाही, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. 1984 मध्ये काम संपले तेव्हा उंची भरली 513 फूट.

दोनच वर्षांत तेलाचा भाव पिंपामागे 10 डॉलरच्या आसपास कोसळला. 1982 मध्ये ओक्लाहोमा सिटीतली पेन स्क्वेअर बँक बुडून इशारा देऊन गेलीच होती. 1986 मध्ये बँक ऑफ ओक्लाहोमालाही केंद्र सरकारच्या ठेव विमा महामंडळाने भांडवल घालून वाचवले. काही वर्षांनी जॉर्ज कायझर या स्थानिक तेल व्यावसायिकाने ती विकत घेतली आणि सावरली. तेलधंद्याची राजधानी एव्हाना ह्यूस्टनला गेली होती. 1984 नंतर तल्सात 500 फुटांच्या वर एकही इमारत उठली नाही. राज्यातल्या सर्वांत उंच इमारतीचा मान 2012 मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या 844 फुटी डेव्हॉन टॉवरने घेतला.

रुळांवरचा पूल

बीओके टॉवरच्या मागे उत्तरेला रेल्वेच्या रुळांवरून एक पादचारी पूल जातो. त्याच्या मधोमध फरशीत एक वर्तुळ आहे. त्यात उभे राहून बोलले तर आपलाच आवाज मोठा होऊन आपल्या कानावर येतो, पण शेजारी उभ्या असलेल्याला तो घुमारा ऐकू येत नाही. लोक याला विश्वाचे केंद्र म्हणतात आणि पर्यटक तिथे ओरडून बघतात. याच रुळांना ओलांडून 1 जून 1921 ला जमाव गेला होता. तल्साने कितीतरी दशके त्या दिवसाविषयी मौन पाळले. राज्याने नेमलेल्या आयोगाचा अहवाल यायला 2001 साल उजाडले.

2020 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट खटल्यात निकाल दिला की मस्कोगी लोकांचा राखीव प्रदेश संसदेने कधी विसर्जित केलेलाच नाही, निदान फौजदारी कायद्यापुरता तो अजून अस्तित्वात आहे. तल्साचा मोठा भाग त्याच प्रदेशात येतो. फोडलेल्या जमिनीवर एवढे मनोरे चढवून झाल्यावर शंभरएक वर्षांनी हे कळले.

मग तल्सात खरी पत कुणाची? या शहरातली सर्वांत नावाजलेली बँक दोनदा दुसऱ्यांच्या पैशांवर तरली. सर्वांत जास्त मजल्यांची इमारत देवाच्या नावाने पैसे गोळा करूनही चालली नाही. कॉस्डनचे साम्राज्य त्याच्या मनोऱ्याआधी संपले. आणि माउंट झायन चर्चची मंडळी, ज्यांची वास्तू उघडल्यावर दोन महिने होण्याआधी जाळली गेली, ज्यांना विम्याचा एक पैसा मिळाला नाही, त्यांनी न उरलेल्या इमारतीचे 50,000 डॉलरचे कर्ज फेडत राहायचे ठरवले. 1942 मध्ये शेवटचा हप्ता फिटला. त्यानंतर त्यांनी त्याच जागी नवे चर्च पूर्ण केले आणि 1952 मध्ये ते उघडले. पुढे त्याच्या अगदी अंगावरून महामार्ग गेला, तरी ते तिथेच आहे. शहरातल्या उंच इमारतींच्या कुठल्याही यादीत ते सापडत नाही.